कोर्स अर्धवट सोडणाऱ्या माणसाची गोष्ट

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयीच्या जनजागृतीसाठी जगभर पाळला जातो आणि त्या आठवड्यात एक जुना वाद नव्या जोमाने सुरू होतो. एका बाजूचे म्हणणे असे, की साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक मागणारे, दोन दिवसांत बरे वाटले की गोळ्या बंद करणारे आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवणारे रुग्णच या संकटाला कारण आहेत. दुसरी बाजू म्हणते, रुग्णाला त्यातले काय कळते. चिठ्ठी तर डॉक्टरच लिहितात, तेव्हा जाब त्यांना विचारा. तिसरा कोणी चिठ्ठीशिवाय औषध देणाऱ्या दुकानदाराकडे बोट दाखवतो, चौथा औषध कंपन्यांकडे. फलक लागतात, भाषणे होतात, आठवडा संपतो. या वादातल्या प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि तरीही सगळा वादच चुकीच्या जागी उभा आहे, असे माझे मत आहे. प्रतिरोधाचा जन्म आणि प्रतिरोधाचा प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्म कोणाच्या चुकीशिवायही होऊ शकतो. प्रसार मात्र दूषित पाणी, अस्वच्छ रुग्णालये, न होणारे निदान, अपुरे लसीकरण, पशुपालनातल्या रूढ पद्धती आणि औषधनिर्मितीचे फसलेले अर्थकारण यांच्या आधाराने होतो आणि माणसे मरतात ती प्रामुख्याने या प्रसारामुळे. गुन्हेगार शोधण्याच्या नादात आपण या दुसऱ्या गोष्टीकडे पाहायचेच सोडून दिले आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू, कारण नेहमी उद्धृत होणाऱ्या आकड्यांतच माझ्या म्हणण्याचा अर्धा पुरावा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२.७ लाख होते आणि अशा जिवाणूंशी संबंध असलेले मृत्यू सुमारे ४९.५ लाख होते. त्यातला लहान आकडाही त्या वर्षी एचआयव्हीने किंवा हिवतापाने झालेल्या मृत्यूंपेक्षा मोठा आहे. बातम्यांत हे दोन आकडे शेजारी शेजारी येतात. त्यांच्यातला फरक क्वचितच कोणी उलगडून सांगतो. पहिल्या आकड्यामागचा प्रश्न असा, की हेच संसर्ग औषधाला दाद देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले असते, तर किती माणसे वाचली असती? दुसऱ्यामागचा प्रश्न असा, की हे संसर्ग मुळात झालेच नसते, तर किती वाचली असती? म्हणजे उद्या सकाळी जगातला सगळा प्रतिरोध जादूने नाहीसा झाला, तर १२.७ लाख माणसे वाचतील. पण तेच संसर्ग रोखता आले, तर त्याच्या जवळजवळ चौपट. ज्यांना औषध लागू पडले असते तरीही जी वाचली नसती, अशी माणसे बहुसंख्य आहेत. असे असताना सगळी चर्चा गोळी कोणी, किती दिवस घेतली याभोवतीच का फिरावी?

या चर्चेची मुळे एका गोष्टीत आहेत आणि ती गोष्ट सांगणारा माणूस साधासुधा नव्हता. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल व्याख्यानाच्या शेवटी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. या गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून अपुऱ्या प्रमाणात घेतो, त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू मरण्याऐवजी औषधाला तोंड द्यायला शिकतात, त्याच्यापासून ते त्याच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन निष्प्रभ ठरते आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग विचारतात आणि बोट नवऱ्याकडे दाखवतात. संकटाचे इतके आधी केलेले भाकीत विरळाच. पण गेल्या ऐंशी वर्षांत या कथेने एक साचा घडवला: निष्काळजी माणूस, अपुरा डोस, निरपराध बळी. आजच्या फलकांवरचा ‘कोर्स पूर्ण करा’ हा उपदेश त्याच साच्यातून निघालेला आहे. गंमत अशी, की घसादुखीला कारणीभूत असणारा प्रमुख स्ट्रेप्टोकॉकस, ज्याला वैद्यकात अ गटातला म्हणतात, तो या ऐंशी वर्षांत पेनिसिलिनला प्रतिरोधी झालेला नाही. जगभर असंख्य लोकांनी घसादुखीवर अर्धवट औषधे घेतली, तरीही. याउलट त्याचा भाऊबंद, न्यूमोनियाचा जिवाणू, प्रतिरोधी झाला आणि ज्या जिवाणूंनी आज रुग्णालयांना जेरीस आणले आहे त्यांतले कित्येक आपल्या आतड्यांत एरवी निमूटपणे राहणारे आहेत. कथा सुरेख होती. जिवाणूंनी ती ऐकली नाही.

जिवाणू ‘शिकत’ नाहीत, हे इथे स्पष्ट करायला हवे. प्रतिरोधाची जनुके माणसाच्या औषधांपेक्षा कितीतरी जुनी आहेत. गोठलेल्या जमिनीतून काढलेल्या तीस हजार वर्षांपूर्वीच्या डीएनएमध्ये ती सापडली आहेत, कारण मातीतल्या बुरशा आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध अशीच रसायने लाखो वर्षे वापरत आले आहेत. पेनिसिलिनचा फडशा पाडणाऱ्या जिवाणूजन्य विकराचे (एन्झाइमचे) वर्णन १९४० मध्येच प्रसिद्ध झाले, तेव्हा ऑक्सफर्डच्या गटाने शुद्ध केलेले हे औषध पहिल्या रुग्णाला टोचायलाही अजून काही आठवडे अवकाश होता. औषध जे करते ते इतकेच, की दाद देणारे जिवाणू मारून दाद न देणाऱ्यांना मैदान मोकळे करून देते. आणि हे केवळ आजाराच्या जागी घडत नाही. फुप्फुसातल्या संसर्गासाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या, त्वचेवरच्या, घशातल्या अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंवरही त्याच वेळी काम करते. त्यांच्यातले प्रतिरोधी तेवढे उरतात आणि आपली जनुके प्लास्मिड नावाच्या लहान वर्तुळाकार डीएनएवरून दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊन टाकतात. अतिसाराच्या जिवाणूंमध्ये एकाच वेळी अनेक औषधांविरुद्धचा प्रतिरोध अशा रीतीने हस्तांतरित होतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच दाखवले होते. आता विचार करा: या यंत्रणेत गोळ्या अधिक दिवस घेणे हे संरक्षण ठरेल, की उलट निरुपद्रवी जिवाणूंवरचा दबाव वाढवणे ठरेल? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली काही संशोधकांनी हाच प्रश्न जाहीरपणे विचारला आणि ‘कोर्स पूर्ण करा’ या उपदेशाला बहुतेक संसर्गांच्या बाबतीत भक्कम पुरावा नाही, असे मांडले. न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाचे संसर्ग यांसारख्या अनेक आजारांत कमी दिवसांचे उपचार तितकेच गुणकारी असल्याचे चाचण्यांनी दाखवले आहे.

याचा अर्थ वाचकाने उद्यापासून गोळ्या मनाने बंद कराव्यात, असा मुळीच नाही. कोणत्या आजारात किती दिवस पुरे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे आणि क्षयरोगाच्या बाबतीत तर पूर्ण उपचाराला पर्यायच नाही. क्षयाचा जिवाणू संथ वाढतो, शरीरात दडून बसतो आणि एकाच औषधापुढे स्वतःच्याच उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकांतल्या आपोआप होणाऱ्या बदलातून, प्रतिरोधी होतो. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत हे ठळकपणे दिसले आणि म्हणूनच पुढे अनेक औषधे एकत्र, महिनोन्‌महिने देण्याची पद्धत रुळली. माझा मुद्दा वेगळा आहे. क्षयाच्या बाबतीत खरा असलेला नियम आपण सर्व संसर्गांना सरसकट लावला आणि जिथे शास्त्र अजून मोजमाप करत होते तिथे नीतिपाठ देऊन मोकळे झालो. आणखी एक गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. क्षयरोगातसुद्धा औषधे अर्धवट सुटतात ती अनेकदा औषधांचा पुरवठा तुटल्यामुळे, रोजगार बुडण्याच्या भीतीमुळे किंवा दुष्परिणामांकडे लक्ष द्यायला कोणी नसल्यामुळे. त्यालाही आपण रुग्णाचा हलगर्जीपणाच म्हणतो.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळतो. प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, अतिवापर प्रतिरोध वाढवतो, हे निर्विवाद आहे आणि वापर कमी केल्यावर प्रतिरोध उतरल्याची उदाहरणेही आहेत. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी एरिथ्रोमायसिन आणि त्याच्या गटातल्या औषधांचा वापर कमी करण्याचा सल्ला राष्ट्रीय पातळीवर देण्यात आला. अ गटातल्या ज्या स्ट्रेप्टोकॉकसचा वर उल्लेख केला, त्यात या औषधाविरुद्धच्या प्रतिरोधाचे प्रमाण १९९२ मध्ये १६.५ टक्के होते, ते १९९६ पर्यंत ८.६ टक्क्यांवर आले. हे यश खोडून काढण्याचे कारण नाही. अनावश्यक चिठ्ठ्या कमी झाल्या पाहिजेत, विषाणूजन्य सर्दीला अँटिबायोटिक देणे थांबलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. प्रश्न असा आहे, की एवढ्याने भागते का? त्याच दशकात ब्रिटनमध्ये घडलेली दुसरी हकिगत पाहा. सल्फोनामाइड गटातल्या औषधांच्या चिठ्ठ्या तिथे १९९१ ते १९९९ या काळात ९७ टक्क्यांनी घटल्या. वापर जवळजवळ संपलाच. लंडनमधील संशोधकांनी ई. कोलाय या जिवाणूतला प्रतिरोध मोजला, तेव्हा तो ३९.७ टक्क्यांवरून घटण्याऐवजी ४६ टक्क्यांवर गेलेला होता. कारण सल्फोनामाइडविरुद्धचे जनुक ज्या प्लास्मिडवर बसले होते त्यावरच इतर, अजून वापरात असलेल्या औषधांविरुद्धची जनुकेही होती. एकाचा हात धरून दुसरे तरले. एकदा जनसमूहात पसरलेला प्रतिरोध नुसत्या संयमाने परत फिरेलच, असे नाही. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावायला हरकत नाही, पण त्याने घोडा सापडत नाही.

याहून व्यापक पुरावा २०१८ मधल्या एका आंतरराष्ट्रीय विश्लेषणातून पुढे आला. अनेक देशांतील प्रतिरोधाचे प्रमाण आणि त्यामागची संभाव्य कारणे ताडून पाहताना संशोधकांना असे आढळले, की देशातला प्रतिजैविकांचा वापर आणि तिथला प्रतिरोध यांचा लक्षणीय संबंध त्यात दिसत नाही. दिसतो तो पायाभूत सुविधा आणि कारभाराच्या गुणवत्तेशी. जिथे सांडपाण्याची व्यवस्था आणि शासन चांगले, तिथे प्रतिरोध कमी. अशा देशादेशांमधल्या तुलनेला मर्यादा असतात आणि एका विश्लेषणावर सगळी इमारत उभी करू नये, हे मान्य. पण त्यामागचा तर्क साधा आहे: प्रतिरोधी जिवाणू एका माणसाच्या आतड्यात तयार झाला, तर तो दुसऱ्याच्या आतड्यात जातो कसा? मैल्यातून पाण्यात, पाण्यातून तोंडात. एका रुग्णाच्या खाटेवरून न धुतलेल्या हातांमार्फत शेजारच्या खाटेवर. हा रस्ता उघडा असेल, तर कितीही मोजून-मापून लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी काय साधणार?

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, इतिहासाशी याचे साम्य इतके आहे, की ते टाळून पुढे जाता येत नाही. १८३२ च्या साथीत न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंतचे अनेक प्रतिष्ठित लोक पटकीला दारूबाजी, आळस आणि अधर्म यांची फळे मानत होते. मरणारे बहुतेक गरीब होते आणि गरिबांच्या सवयींना दोष देणे सोपे होते. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी आणि मृत्यू यांचा संबंध दाखवला, तरी वैद्यकविश्वाचा विश्वास दूषित हवेवरच राहिला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी थेट संसदेत शिरली, तेव्हा कोठे अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या भूमिगत गटारांना पैसे मिळाले. शेवटची मोठी साथ १८६६ मध्ये आली ती शहराच्या पूर्व भागात, जिथे गटारांचे जाळे पूर्ण झाले नव्हते आणि पाणी कंपनीने न गाळलेले पाणी नळांत सोडले होते. तिथले लोक अचानक अधिक अधार्मिक झाले होते काय? उरलेल्या शहरातल्या लोकांनी काय पापक्षालन करून घेतले होते? ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला तेव्हाही योग्य होता आणि आजही आहे. पण त्या सल्ल्याने लंडनची पटकी गेली, असे कोणीही इतिहासकार म्हणणार नाही.

हे साम्य केवळ अलंकारिक नाही, याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात २०१६ च्या अखेरीस विषमज्वराची (टायफॉइडची) अशी साथ सुरू झाली, की जिच्यापुढे नेहमीची जवळजवळ सगळी औषधे हरली. तोंडावाटे घेण्याच्या औषधांपैकी अझिथ्रोमायसिन तेवढे उरले. साथीचा माग काढला असता तो सांडपाणी मिसळलेल्या पाण्यापर्यंत गेला. विषमज्वराचा जिवाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यावाटेच पसरतो. पाणी शुद्ध असेल, तर तो प्रतिरोधी आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या देशाने २०१९ च्या नोव्हेंबरात विषमज्वराची नवी संयुग्म लस नियमित बाल लसीकरणात आणली आणि असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. गोळ्यांच्या शिस्तीवर भाषणे देऊन ही साथ आटोक्यात आली असती, असे मानायला काहीही आधार नाही. लस प्रतिरोधाविरुद्ध कशी लढते, हे न्यूमोनियाच्या जिवाणूनेही दाखवले आहे. अमेरिकेत २००० मध्ये बालकांसाठी त्याविरुद्धची लस आली आणि दोन वर्षांखालील मुलांमधील पेनिसिलिनला पुरेशी दाद न देणाऱ्या गंभीर संसर्गांचे प्रमाण २००४ पर्यंत ८१ टक्क्यांनी घटले. मुलांना टोचलेल्या लसीमुळे वृद्धांमधले संसर्गही घटले, कारण नातवंडांकडून आजी-आजोबांकडे जाणारी वाट बंद झाली.

चिठ्ठीशिवाय औषध देण्यावर सर्वत्र कडक बंदी घाला, असा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या नजरेतून एक माणूस निसटतो. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर एका दिवसाच्या वाटेवर असेल आणि मुलाला धाप लागली असेल, तेव्हा औषध विक्रेत्याने दिलेली गोळी हा गैरवापर असतो, की आरोग्यव्यवस्थेने सोडून दिलेल्या माणसाने शोधलेला मार्ग? ज्या जगात अनावश्यक प्रतिजैविके रिचवली जातात त्याच जगात आवश्यक प्रतिजैविके न मिळाल्याने माणसे मरतात. लोकसंख्येने मोठ्या अशा आठ विकसनशील देशांतील, शेवटच्या फळीतल्या औषधांनाही न जुमानणाऱ्या गंभीर संसर्गांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जेमतेम ७ टक्के रुग्णांना योग्य उपचार मिळाल्याचा अंदाज त्यात होता. अतिवापर आणि अनुपलब्धता ही एकाच आजाराची दोन लक्षणे आहेत: योग्य औषध योग्य माणसापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नाही. तिच्या अभावी घातलेली बंदी श्रीमंतांच्या गैरवापराला फारशी अडवत नाही. त्यांना चिठ्ठी मिळतेच.

डॉक्टरांविषयीही थोडे न्यायाने बोलायला हवे. समोर तापाने फणफणलेला रुग्ण आहे, ताप विषाणूचा की जिवाणूचा हे तासाभरात सांगणारी स्वस्त चाचणी हाताशी नाही, नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहणाऱ्या कल्चर चाचणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतील आणि तोवर रुग्ण दगावला तर जबाबदारी एकट्या डॉक्टरची. औषध लिहिले तर त्याचे नुकसान जगात कोठे तरी, कधी तरी, कोणाला तरी होणार. न लिहिले तर कदाचित इथेच, आज रात्री. हा माणूस औषध लिहितो, यात त्याचा लोभच असतो असे समजणे मला अन्यायाचे वाटते. गावाच्या सामाईक गायरानाची गोष्ट अशीच असते. प्रत्येकाने एक जनावर जास्त चारणे त्याच्यापुरते शहाणपणाचेच असते, आणि कुरण मात्र उजाड होते. अशा ठिकाणी प्रत्येक गुराख्याला सद्वर्तनाचे धडे देण्यापेक्षा चराईची व्यवस्था बदलावी लागते. इथे ती व्यवस्था म्हणजे झटपट निदानाची साधने, प्रयोगशाळांचे जाळे आणि ‘आज थांबू, उद्या पुन्हा तपासू’ असे म्हणण्याइतका वेळ व कायद्याचे कवच डॉक्टरला देणारी यंत्रणा.

माणसांच्या औषधांवर एवढी रणे माजत असताना, जगात विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी निम्म्याहून अधिक माणसांसाठी नसतातच, ती पाळीव जनावरांसाठी असतात, ही गोष्ट वादात क्वचितच येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. जनावरांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यातून थोडे थोडे प्रतिजैविक देत राहण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली; म्हणजे फ्लेमिंग यांनी ज्या अपुऱ्या डोसाची भीती घातली होती, तो डोस घाऊक प्रमाणात, नियमितपणे. ब्रिटनमधल्या स्वान समितीने १९६९ मध्येच याविरुद्ध इशारा दिला. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा हा वापर थांबवला, पण संपूर्ण युरोपीय संघात तो थांबायला १ जानेवारी २००६ उजाडले. कोलिस्टिन हे माणसांच्या उपचारातले अगदी शेवटच्या फळीतले औषध. त्याविरुद्धचे, प्लास्मिडवरून सहज इकडून तिकडे जाणारे जनुक चीनमध्ये डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर चीनने पशुखाद्यातला त्याचा वापर बंद केला. या सगळ्यात ‘कोर्स’ अर्धवट सोडणारा रुग्ण कोठे आहे? आणि उपाय म्हणून काय चालते, हे नॉर्वेच्या सामन माशांनी दाखवले. तिथल्या मत्स्यशेतीत १९८७ मध्ये सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. माशांसाठी परिणामकारक लस आल्यावर दशकभरात तो आकडा एका टनाच्या आसपास आला, आणि माशांचे उत्पादन मात्र अनेक पटींनी वाढले. माशांना उपदेश करण्याची सोय नव्हती, हे एका अर्थी बरेच झाले.

नव्या औषधांची कथाही अशीच, चांगल्या वर्तनावर विसंबून फसलेली. नवे प्रतिजैविक आले, तर ते जपून, शक्य तितके कमी वापरावे, हे शास्त्र सांगते. औषधाचा खर्च मात्र विक्रीतून भरून निघतो. म्हणजे समाजाने शहाण्यासारखे वागायचे ठरवले, की औषध बनवणारा बुडतो. अकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला २०१८ च्या जूनमध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इंग्लंडने २०२२ मध्ये दोन औषधांपुरता वेगळा प्रयोग सुरू केला: किती गोळ्या किंवा इंजेक्शने खपली हे न पाहता औषध उपलब्ध ठेवण्याबद्दल ठरावीक वार्षिक रक्कम द्यायची. अग्निशमन दलाला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही, हा त्यामागचा विचार. कंपन्यांच्या नफेखोरीवर टीका जरूर करावी, पण ज्या बाजारात तोट्याचीच हमी आहे तिथे नफेखोरी हे निदान अपुरे आहे.

माझ्यावर घेतला जाणारा शेवटचा आक्षेप मी स्वतःच मांडतो. गटारे, पाणी, प्रयोगशाळा ही दशकांची कामे आहेत. माणसाला ‘दोष तुझा नाही, व्यवस्थेचा आहे’ असे सांगितले, की त्याला बेजबाबदारपणाचा परवानाच मिळतो. आणि व्यवस्था बदलेपर्यंत निदान वर्तन तरी बदलू द्या. या आक्षेपाचा शेवटचा भाग मला मान्य आहे: उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये, डॉक्टरकडे अँटिबायोटिकचा हट्ट धरू नये, हे सांगत राहिलेच पाहिजे. पण व्यवस्था बदलायला दशकेच लागतात, हे खरे नाही. इंग्लंडमध्ये मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे, म्हणजे एमआरएसएचे, रक्तसंसर्ग चार वर्षांत निम्मे करण्याचे उद्दिष्ट २००४ मध्ये जाहीर झाले आणि २००८ पर्यंत ते गाठले गेले. तिथे रुग्णांना जाब विचारला नव्हता. प्रत्येक रुग्णालयाला आपला आकडा जाहीर करणे सक्तीचे केले गेले होते, खाटेशेजारी हात निर्जंतुक करण्याची सोय ठेवली गेली होती, आणि आकडा चढला तर उत्तर द्यायला वरिष्ठ व्यवस्थापन बांधील होते. हातांची स्वच्छता हे वर्तनच आहे, असे कोणी म्हणेल; खरेच आहे. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना प्रसूतिगृहात हात धुवायला लावले, तेव्हा मृत्यू घटले होते आणि सहकाऱ्यांनी त्यांना धुडकावले होते. दीडशे वर्षांनी तेच काम साधले, कारण या वेळी विनंतीच्या जोडीला मोजमाप, साधन आणि उत्तरदायित्व होते.

संसर्ग प्रतिबंधाचे मोल किती, याचा एक अंदाज ‘लॅन्सेट’च्याच २०२४ मधल्या लेखमालेत आहे. रुग्णालयांतील स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रण, सर्वांना शुद्ध पाणी व शौचालये, आणि बालकांचे लसीकरण, एवढ्या आजच उपलब्ध असलेल्या उपायांनी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत प्रतिरोधाशी संबंधित सुमारे साडेसात लाख मृत्यू दरवर्षी टळू शकतात. त्यातला सर्वांत मोठा, जवळजवळ ३ लाख ३७ हजारांचा वाटा आरोग्य केंद्रांमधल्या संसर्ग नियंत्रणाचा आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या तुलनेत हे मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले आणि सर्व देशांतल्या सर्व आरोग्य केंद्रांत पाणी, स्वच्छता आणि कचरा व्यवस्थापनाच्या मूलभूत सोयी असतील, हेही उद्दिष्टांत घातले. जनावरांमधल्या वापरासाठी मात्र घोषणापत्रात ‘अर्थपूर्ण घट’ एवढेच शब्द आहेत, आकडा नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ मधल्या अहवालानुसार जगातल्या निम्म्या आरोग्य केंद्रांत रुग्ण तपासण्याच्या जागी आणि शौचालयांजवळ हात स्वच्छ करण्याची मूलभूत सोय नव्हती. साबण आणि पाणी, किंवा त्याऐवजी अल्कोहोलयुक्त द्रावण, एवढ्याच सोयीबद्दल तो अहवाल बोलत होता. नोव्हेंबरातले ‘कोर्स पूर्ण करा’ असे फलक त्या केंद्रांच्या भिंतींवरही लागतात.